चार्ली घरी जातो तेव्हा...

लाँग वीकेंड जवळ आला की ऑफिसात एकच प्रश्न फिरतो, 'काय, घरी का?' तिकीट वेटिंगवर, रजेचा मेल बॉसचा मूड बघून टाकलेला आणि बॅगेत आईसाठी काहीतरी. या रांगेत एकेकाळी एक बडी असामीही होती. नाव, चार्ली चॅप्लिन.

1912 मध्ये फ्रेड कार्नोच्या विनोदी कंपनीबरोबर तो इंग्लंडहून अमेरिकेला गेला, तो गेलाच. परतला थेट सप्टेंबर 1921 मध्ये, 'ऑलिम्पिक' बोटीने. वय 32. 'द किड' त्याच वर्षीचा. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर ही तोबा गर्दी! मुक्काम रिट्झमध्ये. पहिल्या तीन दिवसांत 73 हजार पत्रं आली, असं त्यानेच लिहून ठेवलंय. शेकडो अनोळखी मंडळी अचानक नातेवाईक निघाली. नऊ जणींनी तर 'मीच तुझी आई' असा दावा ठोकला!

आता यातला खरा विनोद ऐका. आई लंडनमध्ये नव्हतीच. हॅना चॅप्लिनला त्याच वर्षी कॅलिफोर्नियाला नेलं होतं. वडील 1901 मध्येच गेलेले. एकोणिसाव्या वर्षी जिच्यावर जीव जडला होता, ती हेटी केली 1918 मध्ये वारली होती आणि हे त्याला कळलं इंग्लंडात उतरल्यावर.

मग पठ्ठ्या गेला कुणाकडे?

हॉटेलच्या मागच्या दाराने गुपचूप सटकला, टॅक्सी केली आणि केनिंग्टन गाठलं. 3, पाउनल टेरेस. इथल्या माळ्यावरच्या खोलीत तो आणि आई राहायचे. पोटाला पुरेसं नसायचं आणि आईचं मन ढासळलं तेही इथेच. 'द किड'मधली ती तिरप्या छताची खोली आठवतेय ना? दोन्ही शेजारी ठेवून बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

मला हा चार्ली फार जवळचा वाटतो. माझे आईबाबा आता माझ्याचकडे, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये असतात. गावच्या घरात भाडेकरू आहेत. तरी वर्षातून एकदा मी एसटी पकडतो, त्या गल्लीत जातो, समोरच्या टपरीवर कटिंग घेतो आणि वरच्या खिडकीकडे बघत बसतो. आई विचारते, 'तिथे आता कोण आहे रे तुझं?' उत्तर देता येत नाही. पण परत आलो की तीच आधी विचारते, 'खिडकीला रंग दिलाय का त्यांनी?'

यंदा तिलाही घेऊन जाणार आहे. गुडघे कुरकुरतायत, पण ती 'नाही' म्हणालेली नाही. तुमचं तिकीट कन्फर्म झालं का?