रमजाननंतरची दुकानदारी

रमजानुल मुबारकचा महिना आला की आपल्या बाजाराची चालच बदलते. अजान होताच, समोर गिऱ्हाईक असले तरी शटर अर्धे खाली येते. जकातीसाठी शिल्लक मालाची मोजदाद होते, येणे-देणे कागदावर उतरते, कारागिराच्या हाती ईदपूर्वी पैसे पडतात आणि गल्ल्यावर जीभही सांभाळली जाते. मग शव्वालचा चाँद दिसतो आणि पंधरवड्यात सारे पहिल्यासारखे होते. असे का व्हावे?

रोजे एका महिन्याचे, इमानदारी बारा महिन्यांची. अमल थोडा असला तरी नित्याचा असेल तर तो अल्लाहला अधिक प्रिय असतो, अशा अर्थाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. म्हणून व्यापारी व कारागीर बंधूंनी मोठमोठे इरादे करू नयेत. आमच्या मते तीनच गोष्टी धराव्यात.

पहिली, माप. कुरआनच्या ८३ व्या सूरहचे नावच माप मारणाऱ्यांवरून पडले आहे. मीटरपट्टीवर कापड ताणून धरले की गिऱ्हाइकाचे दोन-चार बोटे कापड जाते. ताग्यावर लिहिलेले मीटर आत निघाले नाहीत तर तीही मापातलीच चोरी. नोकराने मोजले, असे म्हणून मालक सुटत नाही.

दुसरी, मजुरी. मालेगाव-भिवंडीच्या लहान मागवाल्याची रक्कम आपण महिनोन्‌महिने अडकवली तर त्याला सूत घेता येत नाही. माग थांबतो आणि मजुराच्या घरची चूलही. नोंदणी केलेल्या लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदाही सांगतो. येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. थकलेली मजुरी रमजानमध्ये जकात म्हणून हातावर ठेवली तर जकात अदा होत नाही. मजुरी हे आपल्यावरचे देणे आहे, जकात वेगळी. अकरा महिने कारागिराला खेटे घालायला लावायचे आणि बाराव्या महिन्यात सखी म्हणून मिरवायचे, हे शोभत नाही.

तिसरी, हिशोब. सूरह बकराची २८२ वी आयत, म्हणजे कुरआनची सर्वांत लांब आयत, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. अडचणीतल्या कर्जदाराला मुदत द्यावी, हे २८० व्या आयतीत आहे. दर चांद्रमहिन्याच्या पहिल्या तारखेला तासभर बसून येणे, देणे आणि शिल्लक माल लिहावा. मग अडीच टक्के जकात अंदाजाने काढावी लागणार नाही आणि आपल्याकडे कोणाचे पैसे थकले, हेही डोळ्यांसमोर राहील.

ईदनंतर बाजार थंड असतो. गिऱ्हाईक कमी, वेळ जास्त. सवय जडवायला हेच दिवस बरे. येत्या जुम्म्यापूर्वी एका तरी कारागिराचा थकलेला हिशोब आपण चुकता करू या. अल्लाह आपणा सर्वांना तौफिक देवो.