बक्षीस वाटून घ्यावे काय?

(द्वितीय वर्ष, कला)

पारितोषिक वितरणाच्या वेळी 'प्रथम क्रमांक विभागून' असे शब्द कानावर पडले की सभागृहात टाळ्या वाजतात, पण जरा थबकून वाजतात. दोघांनाही आनंद होतो, आणि दोघांच्याही मनात थोडी रुखरुख राहते. अर्थात एकांकिका किंवा वक्तृत्व स्पर्धेतला हा निर्णय परीक्षकांचा असतो. स्पर्धकांना कोणी विचारत नाही. माझा प्रश्न याहून अवघड आहे. सामना अजून संपलेला नाही, निकाल लागायचा आहे, आणि समोरासमोर उभे असलेले खेळाडूच एकमेकांना म्हणतात, "आता थांबूया, बक्षीस वाटून घेऊया." त्यांनी असे करावे काय?

हा प्रश्न अगदी उघड्या स्वरूपात दिसतो तो पोकर या पत्त्यांच्या खेळात. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा, आणि पणजीला मांडवी नदीत तरंगत्या कॅसिनोंची रांग. तिथे हा खेळ चालतो. मी तिथे पाऊल ठेवलेले नाही आणि कोणी ठेवावे असेही माझे म्हणणे नाही. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायद्याने बंदी घातली, तिचे मी स्वागतच करतो. परंतु या खेळाच्या स्पर्धेत शेवटी जे घडते, ते आपल्या मैदानांवरही घडते, म्हणून ते समजून घेतले पाहिजे.

पोकरच्या स्पर्धेत प्रत्येकजण ठरावीक प्रवेश फी भरतो. त्याबद्दल त्याला सारख्या चकत्या मिळतात. चकत्या संपल्या की खेळाडू बाद. शेवटी दोन-चार जण उरतात, बक्षिसांतला फरक मोठा असतो आणि एकच पान फिरले तरी होत्याचे नव्हते होते. अशा वेळी कित्येकदा वाटाघाटी सुरू होतात. समजा, दोघे उरले आहेत. पहिले बक्षीस एक लाख, दुसरे पन्नास हजार. एकाकडे तीन भाग चकत्या आहेत, दुसऱ्याकडे एक भाग. वाटणी कशी करावी? घाईने कोणी म्हणेल, दीड लाखाचे चार भाग करा, तीन याला, एक त्याला. हिशेब करून पाहा. पहिल्याला १,१२,५०० रुपये मिळतील, म्हणजे जिंकला असता तरी मिळाले नसते इतके! आणि दुसऱ्याला ३७,५००, म्हणजे हरला असता तरी याहून जास्तच मिळाले असते. खरी गोष्ट अशी की पन्नास हजार दोघांचेही आधीच पक्के झालेले आहेत. पणाला लागले आहेत ते उरलेले पन्नास हजार. वाटायचे तेवढेच. म्हणून पहिल्याला ८७,५००, दुसऱ्याला ६२,५००. आजवर काय कमावले यापेक्षा अजून काय मिळण्याची शक्यता आहे, हे पाहून वाटणी करायची.

हे शहाणपण नवे नाही. अर्धवट राहिलेल्या खेळाची रक्कम कशी वाटावी, हा प्रश्न इटलीच्या पाचोली या गणितज्ञाने १४९४ च्या आपल्या ग्रंथात घेतला होता. तोवर मिळवलेल्या गुणांच्या प्रमाणात वाटा, असे त्याने सांगितले, आणि तिथेच तो चुकला. पुढे १६५४ साली फ्रान्समध्ये पास्कल आणि फर्मा यांनी पत्रव्यवहारातून हे कोडे सोडवले. पास्कलच्या उदाहरणात तीन डाव आधी जिंकणारा विजयी. दोघांनी प्रत्येकी ३२ नाणी लावलेली, आणि एकाचे दोन डाव झालेले, दुसऱ्याचा एक. उत्तर आले ४८ आणि १६. आज विमा कंपन्या ज्या संभाव्यताशास्त्रावर उभ्या आहेत, त्याचा पाया असा वाटणीच्या प्रश्नातून घातला गेला. आम्ही कला शाखेचे विद्यार्थी गणिताला भितो. पण ज्याला वाटणीचा हिशेब येत नाही त्याचा वाटा दुसराच कोणी ठरवतो, एवढे तरी आपण ध्यानात ठेवावे.

आता आपल्या मैदानावर येऊ. उन्हाळ्यात सिंधुदुर्गात गावोगाव टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा रंगतात. प्रकाशझोतातले सामने मध्यरात्र उलटली तरी संपत नाहीत. मीही आमच्या वाडीच्या संघातून खेळतो. अंतिम सामन्यापूर्वी दोन्ही कप्तान बाजूला जाऊन कुजबुजतात, हे दृश्य मला अपरिचित नाही. पन्नास हजार आणि पंचवीस हजार अशी बक्षिसे असतील, तर साडेसदतीस हजार प्रत्येकी घ्यावेत, झाले! यावर सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात. "कुठे गेली खिलाडूवृत्ती? खेळायचे तर जिंकण्यासाठी खेळा!"

हा उपदेश मला पूर्णपणे पटत नाही. आमच्या संघात कोणी पहाटे होडीवर जाणारा आहे, कोणी चिरेखाणीवर काम करणारा. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि गेल्या वर्षी माझे परीक्षा शुल्क माझ्या वाट्याला आलेल्या बक्षिसाच्या पैशातून भरले गेले. ज्याच्या घरी दरमहा पगार येतो त्याला दोन-तीन हजारांचा धोका म्हणजे गंमत वाटते. ज्याच्या घरी समुद्र देईल ते येते, तो रोजच पैज लावून जगत असतो. त्याने एक दिवस निश्चित रक्कम पत्करली तर त्याला भित्रा का म्हणावे?

१७३८ साली डॅनियल बर्नुली या शास्त्रज्ञाने नेमका हाच विचार मांडला. एका अत्यंत गरीब माणसाला लॉटरीचे तिकीट मिळाले. त्यावर वीस हजार मोहरा मिळतील किंवा काहीच नाही, शक्यता निम्मी-निम्मी. हिशेबाने तिकिटाची किंमत दहा हजार. त्याने ते नऊ हजाराला विकले तर तो मूर्ख काय? बर्नुली म्हणतो, नाही. आणि श्रीमंताने ते नऊ हजाराला विकत घेतले नाही, तर मात्र तो मूर्ख ठरेल. एकच रुपया सगळ्यांच्या हातात सारखा जड नसतो, हे त्याने अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते.

पण याच उदाहरणात धोक्याची घंटाही आहे. गरिबाने तिकीट विकले, ठीक. परंतु मधले हजार कोणाच्या खिशात गेले? ज्याला थांबायची ताकद आहे त्याच्या! आमच्या किनाऱ्यावर ज्याने व्यापाऱ्याकडून आगाऊ पैसे उचलले आहेत, त्याची मासळी व्यापारी म्हणेल त्या दराने जाते. वाटाघाटीच्या टेबलावरही तसेच होते. ज्याला आज पैशांची निकड आहे तो कमी घेऊन मोकळा होतो. म्हणून माझे म्हणणे असे की वाटणी करावी, पण आपल्या वाट्याची खरी किंमत आधी काढून मग करावी. ६२,५०० च्या जागी कोणी पंचावन्न हजार देऊ करत असेल, तर साडेसात हजार आपण निर्धास्तपणासाठी मोजतो आहोत, हे कळून मान हलवावी. न कळता हलवू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बक्षीस दोघांचे असेल, पण सामना दोघांचाच नसतो. वर्गणी देणारे गावकरी, रात्रभर जागणारे प्रेक्षक, उपांत्य फेरीत हरून घरी गेलेले खेळाडू, या सर्वांचा त्यावर काही हक्क आहे. गुपचूप पैसे वाटून घ्यायचे आणि मग मैदानात उतरून खेळल्याचे सोंग करायचे, ही सरळ फसवणूक आहे. पोकरसारख्या खेळातही जिथे अशा तडजोडीला मान्यता आहे, तिथे ती आयोजकांसमोर उघडपणे होते. आणि काही मोठ्या स्पर्धांत थोडी रक्कम बाजूला ठेवून पुढचा खेळ तिच्यासाठी खेळावा लागतो. ही प्रथा मला फार शहाणपणाची वाटते. संसाराची चिंता मिटते आणि खेळातला जीवही राहतो.

२०२१ मध्ये टोकिओ ऑलिंपिकच्या उंच उडीत कतारचा बार्शिम आणि इटलीचा तांबेरी २.३७ मीटरवर बरोबरीत राहिले. दोघांनी सुवर्णपदक वाटून घेतले आणि जगाने कौतुक केले. २०२४ मध्ये पॅरिसला न्यूझीलंडचा कर आणि अमेरिकेचा मॅकइवन यांच्यावर तोच प्रसंग आला. त्यांनी वाटणी न करता पुन्हा उड्या मारल्या आणि कर जिंकला. दोन्ही गोष्टी मला सारख्याच सन्मानाच्या वाटतात, कारण दोन्ही मार्ग नियमातच होते. उलट, त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी न्यूयॉर्कला जागतिक ब्लिट्झ बुद्धिबळाच्या अंतिम सामन्यात सात डावांनंतर बरोबरी असताना कार्लसन आणि नेपोम्नियाची यांनी विजेतेपद वाटून घेतले, तेव्हा टीकेची झोड उठली. नियमात तशी तरतूद नव्हती. ती ऐन वेळी मान्य करून घेतली गेली. वाटणी तीच, पण नियम आधीचा की नंतरचा, यावर तिचे मोल बदलले.

हे तत्त्व मला परदेशात शोधावे लागले नाही. माझे बाबा रापणीवर जातात. होडीतून अर्धवर्तुळात जाळे टाकतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसे दोन्हीकडून ओढू लागतात. जाळ्याचा वाटा, माणसाचा वाटा, सगळे ठरलेले असते. मी त्यांना या लेखाचा विषय सांगितला. पास्कलचे नावही न ऐकलेले बाबा म्हणाले, "जाळां टाकूच्या आदी वाटो ठरूक व्हयो. मासळी बघून ठरवलास तर भांडाण."

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आणि आपल्या जिमखान्यालाही माझी सूचना आहे. नियमपत्रिकेत एक कलम घाला : अंतिम फेरीत वाटणी चालेल की नाही, चालणार असेल तर कोणासमोर ठरेल, आणि किती रक्कम खेळण्यासाठी राखून ठेवली जाईल. ती तडजोड ध्वनिक्षेपकावरून जाहीर करा. मग चषकासाठी दोन्ही संघांना जीव तोडून खेळू द्या. मित्रहो, पैसे वाटून घेण्यात कमीपणा नाही. लपवून वाटण्यात आहे, आणि आपला वाटा किती हे न कळता मान डोलावण्यात आहे.