मोठ्या संख्यांची वाट शंभरच्या आतून

2011 च्या जनगणनेत रायगड जिल्ह्याची लोकसंख्या 26,34,200 होती. याच जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या शाळेतल्या मुलाला हा आकडा वाचायचा, तर उजवीकडून आधी तीन अंक तोडावे लागतात, मग दोन-दोन: सव्वीस लाख चौतीस हजार दोनशे. लाख-कोटीच्या पद्धतीत हजारापुढची प्रत्येक जोडी शंभराच्या आतल्या नावानेच वाचली जाते. म्हणून मोठ्या संख्येतली खरी अडचण लाखाची नसून ‘चौतीस’ची असते. उच्चारात चार आधी येतो, लिहिताना तीन. कच्चे मूल 43 लिहून मोकळे होते.

यावर उपाय म्हणून 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘तीस चार’ अशी वाचनाची रीत आली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. टीका खूप झाली, पण रूढ नावे पुस्तकातून गेली नव्हती. नवी रीत ही शिडी आहे. बाजारात, बँकेत चौतीसच ऐकू येणार, तेव्हा दोन्ही हव्यात.

शून्याकडे मात्र फार कमी लक्ष जाते. ‘दोन लाख पाच हजार चाळीस’ ऐकून मूल 2540 लिहिते. लक्ष, दशहजार, हजार, शतक, दशक, एकक अशी घरे आखून दिली, की रिकामे घर डोळ्यांना दिसते आणि 2,05,040 उमटते. हातचाही याच घरांतून चालतो: 1,99,980 मध्ये 45 मिळवले, तर तो दशकापासून थेट लक्षापर्यंत पोचतो आणि उत्तर 2,00,025 येते. असे एक उदाहरण फळ्यावर सावकाश सोडवावे. घाईने उरकलेल्या दहा गणितांपेक्षा ते अधिक शिकवते.