बाटली चालते, मग बरणी का नाही?

समुद्रपूर, सेलू, देवळी, आर्वी. तालुका कोणताही असो, या महिन्याच्या पत्रांतली तक्रार एकच आहे. तपासणीला आलेल्या साहेबांनी गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या काचेच्या बरण्या पाहिल्या आणि "या चालणार नाहीत, नव्याच घ्या" असे फर्मान सोडले. तेही तोंडी. कागद नाही, शेरा नाही, कलम तर नाहीच.

कलम आम्ही सांगतो. अन्न सुरक्षा व मानके (पॅकेजिंग) विनियम, 2018. एकदा वापरलेला पत्र्याचा डबा अन्नासाठी पुन्हा वापरू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. काचेच्या बाटल्या पुन्हा वापरायच्या तर त्या टिकाऊ आणि धुण्यास, निर्जंतुक करण्यास सोप्या असाव्यात, हेही तितकेच स्पष्ट आहे. पत्र्याला बंदी आहे, काचेला फक्त अट. एका भगिनीने हे वाक्य पुढे धरले, तर उत्तर आले, "इथे बाटली लिहिलंय, तुमची बरणी आहे." जिच्या तळाशी ब्रश धड पोचत नाही ती अरुंद गळ्याची बाटली मान्य, आणि जिच्यात हात घालून आतून सगळी घासता येते ती रुंद तोंडाची बरणी अमान्य! नियमाचा हेतू स्वच्छतेचा आहे, एवढे तरी साहेबांनी ध्यानात घ्यावे.

नवी बरणी घ्या म्हणणे सोपे आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून लोणचे, जॅम, मुरांब्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. रिकामी काचेची बरणी मात्र 18 टक्क्यांतच राहिली. उलाढाल 40 लाखांच्या आत म्हणून ज्या गटांनी नोंदणी केलेली नाही, त्यांना हा कर परत मिळत नाही. मग गट प्लास्टिकच्या बरणीकडे वळतात. 1934 साली ज्या वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला, तिथे आज पुन्हा वापरता येणारे भांडे फोडा म्हणून सांगितले जाते, याचा आम्हाला मनापासून राग येतो.

राग आपल्याच काही सभासदांचाही येतो. जुन्या बरणीवर जुनेच झाकण बसवून माल बाजारात नेणारे अजून आहेत. झाकणाच्या आतली रबरासारखी कडी एकदा दाबली गेली की पुन्हा तशी बसत नाही, आणि खारामुळे पत्रा गंजतो. बरणी परतीची चालेल, झाकण दर वेळी नवेच हवे. बरण्या तळाला फडके घालून गार पाण्यात ठेवाव्यात, मग उकळी आणून दहा मिनिटे उकळाव्यात. अंबाडीचा जॅम गरम असतानाच, गरम बरणीत भरावा. गार काचेत ओतला की बूड तडकतेच. लोणच्याची बरणी मात्र उकळल्यावर पूर्ण कोरडी करावी. थेंबभर पाणी राहिले तरी बुरशी धरते, आणि मग दोष बरणीला जातो.

वायगावची हळद विकणाऱ्यांनी पांढऱ्या काचेचा मोह सोडावा. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले ते या हळदीच्या गुणांमुळे, आणि कुरकुमिन उजेडात विरते. तपकिरी काच घ्या, नाहीतर बरणीला पूर्ण कागद गुंडाळा.

काठाचा टवका उडालेली बरणी अन्नाला वर्ज्य. ती नैसर्गिक रंगकाम करणाऱ्यांना द्या. नमुन्याचा नीळ-घोळ काचेत लावला की तो तयार झाल्याची पिवळसर हिरवी छटा बाहेरूनच दिसते, झाकण पुन्हा पुन्हा उघडून हवा आत जाऊ द्यावी लागत नाही.

आता कैरीचा हंगाम तोंडावर आहे. थांबू नका! पुढची तपासणी होईल तेव्हा शेरा लेखी मागा. दिला नाही तर तसे आपणच तारीख-वार घालून लिहून ठेवा आणि नक्कल आमच्याकडे पाठवा. या नकला एकत्र करून आम्ही वरिष्ठांना एकच प्रश्न विचारणार आहोत: नियमातल्या 'बाटली'त बरणी येते की नाही, हे लेखी कळवा. बरण्या धुण्याची नोंदवही प्रत्येक गटाने आजपासून सुरू करावी: तारीख, किती बरण्या उकळल्या, किती बाद केल्या, झाकणे कोणत्या खरेदीतली. या वहीच्या पानाची नक्कल पत्रासोबत हवीच.