श्रोता म्हणजे विद्यार्थी नव्हे

न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तिचा अभिमान आपण आजही मिरवतो. तिच्यापासून निघालेल्या प्रथेची चिकित्सा मात्र क्वचितच करतो. त्या काळी जाहीर व्याख्यान हे धाडस होते. आज गावोगावी त्याचा विधी झाला आहे : दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, तासाभराचे भाषण, आभारप्रदर्शन. प्रश्नांना वेळ उरत नाही. उरलाच, तर तो अध्यक्षीय समारोप गिळून टाकतो. ही रचना प्रौढ माणसाला श्रोता करते, विद्यार्थी होऊ देत नाही.

'प्रौढशिक्षण' या शब्दाचीही आपण अशीच कोंडी केली. १९७८चा राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम आणि १९८८चे राष्ट्रीय साक्षरता अभियान यांचे मोल कमी नाही; पण त्यांच्यामुळे हा शब्द अक्षरओळखीला जखडला गेला. ज्याला वाचता येते, त्याचे शिकणे संपले, असे आपण मुकाट्याने मान्य करून टाकले.

नागपुरातले जरीपटका पाहा. नाव मराठ्यांच्या निशाणाचे, वस्ती फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची. शेजारी इंदोरा, आंबेडकरी चळवळीचे जुने ठाणे. १९६७ साली सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदाही त्याच वर्षीचा. भाषेला मान्यता मिळाली, ग्रंथालयांना कायदा मिळाला. पण या शेजाऱ्यांनी एकमेकांकडून काही शिकावे, ही कल्पना आपल्या साहित्यसंस्थांच्या विषयपत्रिकेवर कितीदा आली? फाळणीच्या साहित्यावर चर्चासत्रे भरवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना सिंधीच्या अरबी वळणाच्या लिपीत ५२ अक्षरे आहेत आणि श्वास आत ओढून उच्चारायचे चार ध्वनी त्या भाषेत आहेत, हे ठाऊक आहे?

'लोक येत नाहीत' हे ठरलेले उत्तर. ते खोटे आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली श्रमिकांसाठी रात्रशाळा काढली, तेव्हा दिवसभर राबलेली माणसे आली. डॉ. आंबेडकरांचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली सुरू झाले, तेव्हा नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी वर्ग सकाळी ठेवले गेले. आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या दुकानांसमोरची गर्दी तर नागपूरकर दर वर्षी पाहतात. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे परतताना पुस्तके घेऊन जातात. जिज्ञासा आहे. तिची वेळ, तिची जागा आणि तिचा प्रश्न यांचा मान राखणारी व्यवस्था नाही.

ही व्यवस्था खर्चिकही नाही. ग्रंथालयातली एक खोली, आठवड्यातली एक संध्याकाळ, दहा-बारा माणसे. एखाद्या सिंधी आजोबांनी लिपी शिकवावी, इंदोऱ्यातल्या वाचकाने दलित आत्मकथन वाचून दाखवावे, मराठीच्या प्राध्यापकाने त्या दिवशी वही घेऊन मागच्या बाकावर बसावे. हार-तुऱ्यांची आवश्यकता नाही.

यातली शेवटची अट आपल्याला जड जाईल, हे मी जाणतो. शिकवण्याची सवय झालेल्या माणसाला शिकायला बसणे कमीपणाचे वाटते. परंतु १९४७ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. आपण पुढच्या व्याख्यानमालेच्या वक्त्यांची यादी करत बसलो, तर जरीपटक्यातला तो शिक्षक आपली वाट पाहत थांबणार नाही.