काकवी-भाकरीला का हसता?

आमच्या वर्गात छोट्या सुट्टीत डबे उघडले की दोन जाती होतात. एक भारी डबा आणि एक हसायचा डबा. पावाला लाल जॅम लावून आणला की तो भारी. भाकरीवर काकवी, चपातीत गूळ-तूप, साखर आणि शेंगदाण्याचे कूट, असे काही असले की हसायचा. हे कोणी ठरवले? मला हे पटत नाही म्हणून मी लिहीत आहे.

बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळीतली एक मुलगी यंदा दिवाळीनंतर आमच्या वर्गात बसू लागली. तिच्या फडक्यात बाजरीची भाकरी असते आणि वर गूळ व शेंगतेल. पहिल्याच दिवशी कोणीतरी "ई, गोडावर तेल!" असे ओरडले आणि सगळे हसले. आता ती भिंतीकडे तोंड करून खाते. तिची आई अंधार असतानाच भाकऱ्या थापते आणि मग फडात ऊस तोडायला जाते. तोच ऊस गुऱ्हाळात आला की त्याचा गूळ होतो. म्हणजे गूळ खायला सगळ्यांना चालतो, फक्त तिच्या भाकरीवर चालत नाही!

आता जॅमचे बघू. जॅम म्हणजे काय, तर फळांचा गर आणि साखर आटवलेली. आणि काकवी म्हणजे उसाचा रस आटवलेला. मग फरक काय राहिला? माझे आजोबा गुऱ्हाळावर गुळव्या होते, म्हणून मला हे ठाऊक आहे. चुलवाणात चिपाडे घालून जाळ करतात. वर मोठ्या काहिलीत रस उकळतो. रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस टाकला की घाण फेसाबरोबर वर येते, तिला मळी म्हणतात, ती काढून टाकतात. मग रस आटत जातो. गूळ व्हायच्या आधी जो दाट, तांबूस पाक होतो ती काकवी. ती नेमकी कधी काढायची हे आजोबा नुसत्या बुडबुड्यांकडे बघून सांगायचे. जॅमची बाटली दुकानात कुणालाही मिळते. काकवीला गुऱ्हाळ चालू असावे लागते, आणि गुळव्या ओळखीचा असला तर आणखी बरे.

काही मुले म्हणतात की असले काहीबाही आपणच खातो, मोठ्या देशातली माणसे सँडविच खातात. तर ऐका. नेदरलँड्स नावाच्या देशात मोठी माणसेसुद्धा पावाला लोणी लावून त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे पसरतात आणि सकाळी तेच खाऊन कामाला जातात. त्याला ते हाखेलस्लाख म्हणतात. आपल्याकडे गारा पडतात ना, तसल्या गारांवरून ते नाव आले आहे. ऑस्ट्रेलियात वाढदिवसाला पावावर लोणी आणि रंगीत साखरेचे दाणे टाकून त्रिकोणी तुकडे करतात. बडीशेपेच्या गोळ्या चपातीवर टाकल्यासारखेच की! इंग्लंडात बटाट्याचे तळलेले काप पावात घालतात, आणि जपानात तर पावात चक्क परतलेल्या शेवया घालतात. तिथे कुणी ई म्हणत नाही.

आपला वडापाव तरी काय? पावात बटाटाच. दादर स्टेशनबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली असे सांगतात. पावात वडा हे ऐकून तेव्हाही कोणी हसले असेल. आता बाजाराच्या दिवशी तोच खायला आपण रडतो.

आणि सँडविच पावाचेच का असावे? ज्वारीची भाकरी चांगली फुगली की तिचा पापुद्रा सुटतो. तो उचलून आत खर्डा आणि तेल भरायचे, वर पापुद्रा परत झाकायचा. झाले सँडविच! ते मऊ पडत नाही आणि सांडत पण नाही. शिळी भाकरी असली तर आजी ती निखाऱ्यावर कडक करते, कुस्करते आणि कूट व काकवी घालून देते. ते तर जॅमपेक्षा शंभरपट चांगले.

मला सगळेच आवडते असे नाही. चहात बुडवलेली चपाती लिबलिबीत होते, मी ती खाणार नाही. केळ्याबरोबर लोणचे खाणारा मुलगा माझ्याच बाकावर बसतो, त्याचा वास मला सोसत नाही. पण मी खात नाही ही माझी गोष्ट झाली, त्याने खाऊ नये असे कसे म्हणणार?

भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकांना एक विनंती. पोरगा "मला जॅमच पाहिजे, पोरं हसतात" म्हणून रडला तर लगेच बाटली आणू नका. आधी हसतंय कोण ते विचारा. आणि काकवी दिली तर डब्याचे झाकण नीट बसते का ते बघा, कारण गेल्या महिन्यात एकाचे परिसर अभ्यासाचे पुस्तक दप्तरात चिकटून बसले आणि त्याला मुंग्या लागल्या.

शनिवारी सकाळची शाळा आहे. मी त्या दिवशी काकवीची बरणी आणणार आहे. ज्याला पाहिजे त्याने घरून भाकरी आणावी. बाजरीची असेल त्याचा नंबर पहिला.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी