परदेशी पैसा : आम्हाला जाच, पक्षांना माफी

आंबेडकरी कार्यकर्त्याने जमिनीचा, शिष्यवृत्तीचा किंवा अत्याचाराचा प्रश्न हाती घेतला की एक ठरलेला सवाल येतोच : "यांना पैसा बाहेरून येतो का?" येवल्यात काय आणि मुंबईत काय, हा सवाल न ऐकलेला कार्यकर्ता सापडणार नाही. सवाल चुकीचा नाही. परदेशी पैशापुढे इथलं सरकार वाकू नये, ही आपलीही भूमिका आहे. पण मग हा सवाल सर्वात आधी सरकारला आणि राजकीय पक्षांना विचारायला हवा. त्यांना तो कोण विचारतो?

महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. १९९२ मध्ये एन्रॉन ही अमेरिकन कंपनी दाभोळ वीज प्रकल्प घेऊन आली. हा प्रकल्प परवडणारा नाही, असं सांगून जागतिक बँकेने १९९३ मध्ये कर्ज नाकारलं. तरी त्याच वर्षी काँग्रेस सरकारच्या काळात करार झाला. वीज घेतली नाही तरी ठरलेला आकार भरायचा आणि हिशोब डॉलरशी बांधलेला. पुढे कंपनीच्याच अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की भारतातल्या लोकांना 'शिक्षित' करण्यासह प्रकल्पाच्या तयारीवर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. कोणाला शिक्षित केलं, याचा हिशोब जनतेला कधी मिळाला नाही. लाच न्यायालयात सिद्ध झाली नाही, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे.

१९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती एन्रॉन समुद्रात बुडवण्याची भाषा करत सत्तेवर आली. ऑगस्टमध्ये करार रद्द केला, भ्रष्टाचाराचा आरोप करत उच्च न्यायालयात दावा लावला. काही महिन्यांतच त्याच सरकारने फेरकरार केला, तोही आधीपेक्षा मोठ्या प्रकल्पाचा. मे १९९६ मध्ये वाजपेयींच्या १३ दिवसांच्या सरकारने त्याला केंद्राची प्रतिहमी दिली. झेंडे बदलले, कंपनी तीच राहिली.

किंमत कोणी मोजली? १९९७ मध्ये गुहागर तालुक्यातल्या वेलदूरच्या कोळी महिलांनी पोलिसांचा मार खाल्ला. प्रकल्पावर तैनात पोलिसांचे पैसे कंपनीच देत होती, हे ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ च्या अहवालात मांडलं. म्हणजे सरकारी वर्दीचा खर्चही परदेशी कंपनी करत होती! २००१ मध्ये वीज मंडळाने महागडी वीज घेणं थांबवलं, त्याच वर्षाअखेर एन्रॉन दिवाळखोरीत गेली. बोजा मात्र सार्वजनिक तिजोरीवर राहिला.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते आणि विजेचं धोरणही त्यांच्याकडे होतं. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण तिच्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबीतून सुटका नाही, ही त्यांची मांडणी होती. एन्रॉन प्रकरणात नेमकी तीच मांडणी विकली गेली.

"तो जुना काळ होता," असं कोणी म्हणेल. मग पुढचं बघा. राजकीय पक्षांनी परदेशी पैसा घेऊ नये, असा कायदा १९७६ पासून होता. २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेस आणि भाजप या दोघांनीही तो मोडल्याचा निकाल दिला. देणग्या ब्रिटनमधल्या वेदांताच्या इथल्या कंपन्यांनी दिल्या होत्या आणि त्यांत आपल्या शेजारच्या गोव्यातली सेसा गोवाही होती. न्यायालयाने सहा महिन्यांत कारवाई करायला सांगितलं. कारवाई झाली नाही, कायदाच बदलला. २०१६ च्या वित्त कायद्याने 'परदेशी' शब्दाची व्याख्या मागच्या तारखेने, २०१० पासून, बदलली. तेवढ्यानेही जुनी प्रकरणं सुटेनात, म्हणून २०१८ मध्ये तारीख थेट ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेली. लोकसभेत ते विधेयक चर्चेविना मंजूर झालं. ४२ वर्षांची माफी!

आणि संस्थांना काय मिळालं? २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या एकाच शाखेत घ्यायची सक्ती आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि मोठ्या संस्थेने लहान संस्थेला निधी देण्यावर बंदी आली. हिशोब जरूर मागा, आम्ही देऊ. पण तालुक्यात काम करणाऱ्या संस्थेला एक कायदा आणि सत्तेच्या पक्षाला दुसरा, ही कसली समता? जातिव्यवस्थेनेही हेच केलं होतं : एकाच कृत्याला वरच्यांना माफी, खालच्यांना शिक्षा.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले, याचा आनंद आहेच. पण परदेशी देणग्यांची ही माफी त्या निकालाने रद्द झालेली नाही. एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हे सूत्र बाबासाहेबांनी दिलं. पैशाने धोरण ठरत असेल तर आपलं मत मोजलं जातं, पण त्याला मूल्य उरत नाही.

म्हणून तरुणांनी दोन गोष्टी कराव्यात. आपल्या संस्थेचा, मंडळाचा, जयंतीच्या वर्गणीचा हिशोब फलकावर लावावा. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला, आपल्या पक्षालाही, विचारावं : तुमचा पैसा कुठून येतो आणि ती माफी तुम्ही रद्द करणार का? १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या याच भूमीवर बाबासाहेबांनी जन्माने लादलेलं नाकारायला शिकवलं. विकत घेतलेलं सरकार नाकारणं हे त्याच शिकवणीचं पुढचं पाऊल आहे.

जय भीम!